मोहाच्या झाडाखालचा डबा

देवराव रामटेके माझे शेजारी. नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या ले-आऊटमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत पोरांना शिकवणारी बाई, आठवड्यातून एक दिवस तरी कानाला विसावा मिळावा एवढीच माझी मागणी. पण शेजार असा मिळाला की रविवारी उजाडलं की देवरावांच्या अंगणात पत्र्याचे डबे वाजायला लागायचे. पावडरचे, बिस्किटांचे, डालड्याचे. झाकण घट्ट बसतं की नाही हे ते ठोकून ठोकून बघायचे. एकदा मी न राहवून भिंतीवरून विचारलं, "देवराव, भंगाराचं दुकान काढताय का?" त्यावर हा माणूस खूश होऊन हसला. त्यांच्यावर रागावण्यात काही मजाच नसे.

ते पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी आखलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं जसाच्या तसा उतरवायचा, हे त्यांचं काम. नाले, पायवाटा, टेकड्या, माळावरचं एखादं एकटं झाडसुद्धा. "बाई, मी हातानं इतके रस्ते काढले," ते मला म्हणाले होते, "पण त्यातल्या एकावर भी मी चाललो नाही." हे त्यांना इतकं लागलं की शहात्तर साली त्यांनी इतवारीतल्या एका कबाड्याकडून पितळेचं जुनं होकायंत्र विकत घेतलं आणि सायकल काढली. कॉलेजात असताना एनसीसीत नकाशा वाचायला शिकले होते, ते आता उपयोगी पडलं.

त्यातून हा डब्यांचा खेळ निघाला. एक डबा कुठंतरी आडबाजूला लपवायचा. ऑफिसमागच्या चहाच्या टपरीवर चिठ्ठी चिकटवायची, की अमक्या पुलावर उभं राहा, होकायंत्रात इतके अंश धरा आणि पडक्या विहिरीपर्यंत चालत जा. ज्याला डबा सापडेल त्यानं आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा झाकून यायचं. सही नाही, वही नाही. वस्तूवरूनच ओळखायचं कोण येऊन गेलं ते. त्यांच्या ऑफिसातले मधुकरराव सोड्याच्या बाटलीचं बूच ठेवत, विश्वनाथ काड्यापेटीवरचं चित्र ठेवत आणि देवराव काचेचा कंचा, म्हणजे पोरं खेळतात ती गोटी. तिशी ओलांडलेली बापे माणसं रविवारी तेलंगखेडीकडची झुडपं धुंडाळत हिंडायची आणि बूच सापडलं म्हणून एकमेकांना चहा पाजायची. माझ्या वर्गातली पोरं यांच्यापेक्षा शहाणी होती, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

त्यांच्या बायकोला, सिंधूला, या खेळाचं कौतुकही नव्हतं आणि तक्रारही नव्हती. ती घरी शिलाई मशीनवर फ्रॉक शिवायची. मुलगी एकच, मनकर्णा, देवरावांच्या आईचं नाव ठेवलेली. आम्ही सगळे तिला मनू म्हणायचो. सहा वर्षांची होती आणि माझ्या ओट्यावर बसून मोठ्यानं पाढे म्हणायची, सातच्या पाढ्यात हमखास अडायची. माझा फार जीव होता तिच्यावर.

देवरावांच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. छप्पन साली वडिलांचा हात धरून, पांढरा सदरा घालून ते दीक्षेला गेले होते. परत आल्यावर वडिलांनी घरातले सगळे ताईत, गंडे, दोरे गोळा केले आणि नदीत नेऊन टाकले. त्या दिवसापासून त्या घरात कुणाची दृष्ट काढली नाही, कुणावरून लिंबू उतरवलं नाही. देवराव अशा घरात मोठे झाले आणि मला त्यांचा त्याबद्दल आदर होता. आमच्याकडे मात्र अजून मीठ-मोहऱ्या उतरत होत्या. आमचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून नागपुरात, शिकलं पुष्कळ, पण सोडलं काहीच नाही.

तर एक डबा त्यांनी शहराबाहेर, वाडी गावाच्या पुढं लपवला. अमरावती रोडवर गोदामं संपतात, ट्रकांची रांग संपते, तिथून एक कच्चा रस्ता आत जातो. आत बऱ्यापैकी गेल्यावर तीन रस्ते मिळतात आणि तिथं मोहाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या मुळांमधल्या खोबणीत त्यांनी डबा ठेवला. जागा लांबून दिसावी म्हणून ऑफिसातल्या सर्वेच्या झेंडीचं लाल कापड फांदीला बांधलं. मधुकरराव आणि विश्वनाथ एकदा जाऊन आले आणि म्हणाले, आता पुन्हा एवढ्या लांब नाही. त्यानंतर त्या डब्यात देवरावांशिवाय कुणी हात घालायचं कारण नव्हतं.

पण कुणीतरी घालत होतं. पुढच्या खेपेला कंचा गेलेला होता आणि त्याच्या जागी लहान मुलाची काळी बांगडी होती. देवराव हरखले. बांगडी घेतली, कंचा ठेवला. मग एकदा फडक्यात बांधलेले काळे उडीद. एकदा तान्ह्या बाळाचं टोपडं. एकदा केसांची बट, लाल दोऱ्यानं गुंडाळलेली. "नवा गडी आला बाई आपल्यात," ते मला सांगत, "पण पुढं येत नाही, लाजून राहिला." त्यांनी टपरीवर चिठ्ठी लावली, की वाडीचा डबा कुणी शोधला त्यानं भेटावं. कुणी आलं नाही.

त्यांनी या वस्तू मला दाखवल्या असत्या तर मी तिथंच ओरडले असते. त्या सगळ्या ते ऑफिसच्या खणात ठेवत. दुसऱ्या कुणाच्याही हातात काळे उडीद आणि लाल दोऱ्यातले केस आले असते तर त्यानं हात झटकला असता. यांना ते ओळखूच आले नाही.

एका रविवारी हा गडी कोण ते बघायचंच, म्हणून ते दुपारभर दूर एका बांधाआड बसून राहिले. पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन रणरणत होतं. तिन्ही रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. शेवटी कंटाळून ते उठले, झाडापाशी गेले आणि सवयीनं झाकण उघडलं. सकाळी ठेवलेला कंचा गेला होता. डब्यात काळ्या मण्यांची एक छोटी मनगटी होती, मधोमध एक चांदीचा मणी. दोरा अजून तेलानं ओला होता. त्या संध्याकाळी त्यांनी मला कंचा गेला एवढंच सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, डुलकी लागली असेल तुम्हाला. "लागली असन," ते म्हणाले, पण ते पहिल्यांदाच हसले नव्हते.

डब्यात निळा कंचा ठेवून ती मनगटी त्यांनी घरी आणली होती. मनूनं पिशवीत पाहिली, मला पाहिजे म्हणून नाचली, आणि त्यांनी ती तिच्या हातात बांधली. मी दुसऱ्या दिवशी तिच्या मनगटावर पाहिली तेव्हा मला वाटलं, सिंधूच्या माहेरचं कुणी येऊन गेलं असेल.

त्याच आठवड्यात मनूला ताप चढला. डॉक्टरांचं औषध झालं, ताप उतरेना, मान ताठ झाली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूत ताप गेलाय असं डॉक्टर म्हणाले. त्या पावसाळ्यात अशी बरीच मुलं आली होती. मी शाळेतून सुटी घेऊन सिंधूबरोबर बसायची. मनू मधूनच डोळे उघडायची आणि बोलायची. तेव्हा मला जी भीती वाटली ती आजही गेलेली नाही. मनू सिंधूला नेहमी आई म्हणायची. त्या तापात ती म्हणत होती, "माय, बकरी सुटली. माय, बकरी धर ना वं." त्यांच्या घरी कधी बकरी नव्हती. सिंधू तिच्या तोंडाकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची.

त्या वॉर्डात पार्वतीबाई नावाची आया होती, वाडीकडच्या खेड्यातली. मनूचं अंग पुसायला तिनं मनगटी बांधलेला हात वर धरला आणि सोडून दिला.

"हे कुठून आणलं जी?" तिनं विचारलं.

देवरावांनी सांगितलं. पार्वतीबाई भिंतीला टेकली. हळू आवाजात, एखाद्या घरातली गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. "वाडीच्या पुढं मोहाखाली घेणारा आहे जी. लाल झेंडीवाला. दुसऱ्या जागी उतारा ठेवला तं पडून राहते, कुत्रे खातेत. पण तिथं तो सोता घेते. लेकराचं दुखणं डब्यात ठेवून या, मागं पाहू नका. मंग डब्यात कंचा भेटते. कंचा भेटला का समजा, त्यानं घेतलं. लेकरू उठून बसते. आमच्या गावचे किती तरी लेकरं उठले." तिनं ओलं फडकं पिळलं. "कोण आहे कोण नाही, कोणी पाहालं नाही. पण ज्यानं घेतलं त्याच्या लेकराच्या अंगावर जाते म्हणतेत."

देवराव पलंगाच्या दांडीला धरून उभे होते. कंच्याचं ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. पुन्हा कुणाचा तसा पाहायची वेळ येऊ नये.

सिंधूनं मनगटी सोडली आणि त्यांच्यासमोर धरली. "वापस ठेवून या."

"असं काही नसते, सिंधू."

"नसते तं ठेवून याले काय जाते?"

खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्यांनी धावत जावं. मनगटी खिशात टाकून ते गेले. संध्याकाळी परत आले. सिंधूनं विचारलं, "ठेवलं?" ते म्हणाले, "हो." सिंधूनं डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी ती बसल्या बसल्या झोपली. तिसऱ्या दिवशी पहाटे मनू गेली.

सिंधू रडली, फार रडली, पण तिच्या रडण्यात एक आधार होता. आपण होतं नव्हतं ते सगळं केलं, औषधही केलं आणि तेही केलं, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. देवराव त्या वेळी उठून अंगणात जायचे.

पुढं महिनाभरानं ते एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी त्या दुपारचं मला सांगितलं. ते झाडापाशी पोचले तेव्हा खोबणीत आणखी कुणाकुणाच्या वस्तू ठेवलेल्या होत्या. त्यांनी डबा बाहेर काढला, तेवढ्यात रस्त्यानं एक बाई आली. एका हातात बकरीचं दावं, दुसऱ्या हातात मुलीचं बोट. मुलगी मनूएवढीच. बाईनं चपला काढल्या, झाडाला हात जोडले. मग देवरावांना तिथं पाहून, तेही आपल्यासारखेच आले असतील असं समजून, बोलायला लागली. "हे पोरगी उचलून आणली होती जी. मान टाकली होती. आता पायानं चालून राहिली." मुलीच्या मनगटावर काळ्या दोऱ्याचा वळ होता. तिच्या मुठीत निळा कंचा होता.

"तुमी भी ठेवाले आले का?" बाईनं विचारलं. "ठेवा, लाजू नका. कोण बिमार आहे?"

"माही पोरगी."

"मंग ठेवा ना जी."

देवराव मला म्हणाले, "बाई, माझी मूठ खिशात होती. मी इचार केला. हे सारं झूट असन, तं ठेवून मनूले काही फायदा नाही. अन् झूट नसन, तं ते कोणावर जाईन? माझ्यापुढं उभी होती ते." मुलगी बकरीशी खेळत होती. दावं सुटलं तशी ती ओरडली, "माय, बकरी सुटली." देवराव तिथून निघाले. मूठ त्यांनी खिशातून बाहेर काढलीच नाही.

मी त्यांच्यावर चिडले. इतकी चिडले की मला रडू फुटलं. "तुम्ही बाप होता तिचे," मी म्हटलं. "जगाचा विचार करायला जग आहे." ते म्हणाले, "हो, बाई." एवढंच म्हणाले. मी आत निघून गेले आणि बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं चूक होतं की बरोबर हे मला त्या वेळी कळलं नाही, आणि मला खोटं बोलायचं नाही, आजही नीट कळत नाही.

डब्यांचा खेळ मोडला. मधुकरराव, विश्वनाथ हळहळून गप्प झाले आणि टपरीवरच्या चिठ्ठ्या पावसात गेल्या. तरी देवराव रविवारी सायकल काढून जायचे आणि दुपारी परत यायचे. सिंधूला ते सहन होईना. एक रात्र तिचा आवाज चढला. भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं.

"लेकरू गेलं तरी तुमचा खेळ सुटत नाही. काहून जाता तिथं?"

मग देवराव म्हणाले, "लोक ठेवून जातेत, सिंधू. कोणी घेतलं नाही तं ते बाया दुसऱ्या दिवशी पाहाले येतेत. पडलेलं दिसलं का तिथंच बसतेत. मी पाहालं. एक तं रस्त्यावर पडून रडून राहिली होती. मी घेतो अन् कंचा ठेवतो. आपल्या घरी आता लेकरू नाही. माझ्यापासून कोणाले काय होईन?"

"अन् मनूच्या हातातलं त्या दिवशी ठेवलं ते?"

"नाही ठेवलं."

त्यांनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. मी अंधारात उठून बसले. आता भांडं फुटेल, आता दार आपटेल, म्हणून वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. मग सिंधूचा आवाज आला.

"ते पोरगी आता कशी आहे?"

"चांगली आहे. शाळेत जाते."

त्यानंतर सिंधू कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मशीनही बंद होती. मी डब्यात भाजी घालून नेऊन द्यायची तर ती घ्यायची, पण तोंड उघडायची नाही. मला वाटलं, हा संसार आता संपला. मग एका रविवारी मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते तर देवराव सायकल घेऊन निघाले आणि सिंधू मागच्या कॅरिअरवर बसलेली. मांडीवर पिशवी, डोक्यावरून पदर. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली आणि ती दोघं मोठ्या रस्त्याकडे वळली.

पुढं कित्येक वर्षं ती दोघं अशी जात होती. त्यांना दुसरं मूल झालं नाही. होऊ दिलं नाही, असं माझं मत आहे, पण तसं मी कधी विचारलं नाही. त्र्याऐंशी साली मी त्यांच्याबरोबर गेले. सायकल सुटली होती, आम्ही वाडीपर्यंत सिटी बसनं गेलो आणि पुढं चालत. झाड दिसलं तेव्हा मी थांबले. देवरावांनी कधीकाळी एक चिंधी बांधली होती. आता फांदी न् फांदी लाल कापडांनी भरली होती. वारा पडलेला होता आणि त्यातलं एकही कापड हलत नव्हतं. खाली कुणी जागा सारवून ठेवली होती. पत्र्याचा तो डबा गंजून काळा झाला होता, तरी झाकण तेल लावल्यासारखं गुळगुळीत होतं, इतक्या हातांनी ते उघडलं होतं. मला देवाधर्माचं वावडं नाही, पण तिथं माझ्यानं हात जोडवेनात आणि पाठही फिरवेना.

आम्ही जरा बाजूला बसलो होतो तेवढ्यात एक पोरसवदा बाई आली. पदराआड तान्हं बाळ, हातात त्याचं झबलं. झबलं तिनं डब्यात ठेवलं. सिंधूनं तिला विचारलं, "ताप आहे का वं?"

"हो ना. तीन राती झोपलं नाही." मग आमच्यासारख्या जाणत्या बायका पाहून तिला धीर आला असावा. "पण इथं ठेवलं का उतरते म्हणतेत. इथला घेणारा लय चांगला आहे. माही सासू म्हणते, त्याले सोताचं लेकरूबाळ नसन, म्हून त्याले कशाचं भेव नाही."

देवराव जमिनीकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"होतं त्याले," सिंधू म्हणाली. "पोरगी होती. मनकर्णा नाव होतं तिचं."

ती बाई सिंधूकडे बघतच राहिली. तिनं बाळाला घट्ट धरलं. सिंधू उठली, तिच्याजवळ गेली आणि बाळाच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला.

"जाय आता घरी," ती म्हणाली. "सरळ दवाखान्यात ने याले, मोठ्या डॉक्टरले दाखव. अन् मागं पाहू नको."

बाई गेली. वळणापर्यंत तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. देवराव उठायला लागले तशी सिंधूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. तिनं डबा उघडला, झबलं काढलं, त्याची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.